नागपूरचे बारा

"रिकामी नेऊ का भरून नेऊ, थे सांग पयले."

"एम्टी, फुल, नो मॅटर," एल्विया म्हणाली. "यू टेक सुटकेस, ट्वेल्व ओक्लॉक, गो अराउंड द ब्लॉक. दॅट इयर, यू ट्रॅव्हल."

"नो मॅटर कसं वो? रिकामी पेटी नेली तं मानूस रिकाम्या हातानं जाईन माहेरी. भावजय दारातूनच वापस धाडीन मले."

"सी, सी," एल्विया म्हणाली आणि पुढची चादर उचलली.

टोरांटोजवळच्या किचनर गावातल्या एका हॉस्पिटलच्या बेसमेंटमध्ये, लिननच्या खोलीत, दोन हजार आठच्या तीस डिसेंबरला हे बोलणं चाललं होतं. सुनंदा मेश्राम मशीनवर बसून फाटक्या चादरींना ठिगळं लावत होती आणि समोर उभी राहून एल्विया घड्या घालत होती. एल्विया होंडुरासची. अमेरिकेचे दोन खंड जिथं बारीक होऊन एकमेकांना चिकटतात तिथं हा देश. सुनंदाच्या पोरीनं, ईशानीनं, तो नकाशात दाखवला तेव्हा सुनंदा म्हणाली होती, "म्हन्जे करदोड्यापाशी."

दोघींचं इंग्रजी एकत्र केलं तरी जेमतेम एकीला पुरलं असतं. म्हणून सुनंदा आपलं भिवापूरकडचं नागपुरी बोलायची, एल्विया आपलं स्पॅनिश, आणि मधे मधे दोघी इंग्रजीचा टेकू द्यायच्या. सहा वर्षांत घोटाळा झाला तो एकदाच. त्यांच्यातले सगळे तिला 'दोन्या एल्विया' म्हणत, म्हणून सुनंदानं तिचं नाव दोन्याच धरलं आणि वर्षभर तिला 'दोन्याबाई' म्हणत राहिली. मग कळलं की दोन्या म्हणजेच बाई. "म्हन्जे मी वर्षभर तुले बाईबाई म्हनत व्हती? अन् तू 'ओ' देत व्हती?"

दर डिसेंबरात एल्वियाला आपल्या गावच्या नव्या वर्षाचं भरतं यायचं. बाराच्या ठोक्याला बारा द्राक्षं खायची, एका ठोक्याला एक. सुनंदा म्हणाली, ठसका लागून मानूस जुन्याच वर्षात राहून जाईन. जुन्या कपड्यांचा म्हातारा शिवायचा, भुसा भरायचा, दारात बसवायचा आणि बारा वाजता पेटवून द्यायचा, म्हणजे वर्षाची पीडा जळते. हे मात्र सुनंदाला एकदम पटलं. "आमच्या नागपुरात मारबत निंगते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. घेऊन जाय गे मारबत, म्हन्तो अन् जाळतो. तुमचा म्हातारा, आमची बाई. लगन लावून द्याले पायजे." एल्वियाच्या नवऱ्यानं एका वर्षी असा म्हातारा बॅकयार्डात पेटवला तर फायर ब्रिगेडच्या दोन गाड्या आल्या होत्या. तेव्हापासून त्यांचा म्हातारा न जळताच गराजमध्ये पडून होता. आणि शेवटी पिवळी चड्डी. नव्या वर्षाला आतून पिवळं घातलं की भाग्य उजळतं.

"अन् थे पाहाले भाग्य कोठून येते?" सुनंदानं विचारलं होतं.

पण सुटकेसचं ऐकून ती हसली नाही. मशीन थांबवून तिनं नीट विचारून घेतलं.

"तू किती सालापासून नेतं पेटी?"

"नाईन इयर."

"अन् गेली किती खेपा?"

एल्वियानं चादरीचे कोपरे जुळवले, घडी घातली, वरून दोनदा हात फिरवला. "वॉकिंग," ती म्हणाली, "व्हेरी गुड फॉर नीज."

सुनंदाला जायचं होतं ते भिवापूरला, भावाच्या पोरीच्या लग्नाला. कल्याणीचं लग्न एप्रिलच्या शेवटच्या रविवारी. लग्नातल्या लांब पोळ्या मीच टाकीन, असा शब्द तिनं फोनवर दिला होता. आपल्याकडच्या ह्या पोळ्या काही लाटण्याच्या नव्हेत. सैल भिजवलेली कणीक दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत ताणायची आणि पेटत्या चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर एका झटक्यात टाकायची. हात चुकला की पोळी फाटते, मन चुकलं की हात भाजतो. सुनंदा लग्नाआधी पाच गावांत याच कामासाठी बोलावली जायची. आणि आता भावजय फोनवर म्हणाली, "राहू द्या ताई. तुमी कायच्या येता. सहा वर्सं झाले पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. अन् आल्या तरी तुमाले कायच्या जमते आता? हात बर्फानं आखडले असतीन. आमी उमरेडच्या बाईले इसार देऊन ठिवतो."

उमरेडच्या बाईला! सुनंदानं त्याच दिवशी स्टीलचं पातेलं इलेक्ट्रिकच्या शेगडीवर पालथं घालून सराव केला. दोन पोळ्या मस्त झाल्या. तिसरीला स्मोक अलार्म बोंबलला. ईशानी स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालत "मॉम, स्टॉप! जस्ट बाय पिटा!" म्हणून ओरडत होती, आणि खाली सुनंदा चौथी टाकत होती.

रजा तिनं आपली आपणच मिळवली होती. सुपरवायझरनं एप्रिलचे तीन आठवडे लिहून दिले, पण अट घातली: एकतीस डिसेंबरच्या शिफ्टला येताना तिकीट दाखवायचं. नाही दाखवलं तर रजा यादीतल्या पुढच्या बाईला. तो कागद सहा आठवड्यांपासून फ्रीजवर चुंबकाखाली फडफडत होता. दूध काढायला फ्रीज उघडला की कागद गुणवंतच्या नाकाला लागायचा. तो हलकेच कागद सरळ करायचा आणि दूध घेऊन जायचा.

गुणवंत म्हणजे तिचा नवरा. वॉटर्लूच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर. माणूस वाईट नाही. घरात भांडी घासतो, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलनं काढतो, दारूला शिवत नाही. इथल्या आंबेडकर असोसिएशनचा सेक्रेटरी आहे आणि सभागृहाच्या खुर्च्या मांडण्यापासून भाषणापर्यंत सगळं स्वतः करतो. त्याची एकच खोड. तो नाही कधी म्हणत नाही. म्हणतो, पुढच्या वर्षी. नाही म्हणणारा नवरा परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. पुढच्या वर्षीशी काय भांडणार? ते अजून आलेलंच नसतं.

एकतीसच्या सकाळी चहा पिताना सुनंदानं त्याला सांगून टाकलं.

"अजी, मी आज पेटी घेऊन ब्लॉकले चक्कर मारनार हाव."

"कायले?"

"एल्विया म्हन्ते, नवं साल लागताना पेटी फिरवली का परवास घडते."

गुणवंतनं कप खाली ठेवला. "सुनंदा, उद्या एक तारीख. उद्या आपला कार्यक्रम. उद्या माहं भाषन काय हाय, मालूम हाय ना तुले?"

"हाव. अंधश्रद्धा."

"'अंधश्रद्धा आनि आपन'. अन् 'आपन' म्हन्जे कोन? सेक्रेटरीची बायको पेटी घेऊन फिरन तं लोकायनं माह्या तोंडाकडं पाहाव का तुह्या पेटीकडं?"

"मंग तिकीट काढा. पेटी माळ्यावरच राह्यते."

"एप्रिलमधी प्रोजेक्टची डिलिव्हरी हाय वो. पुढच्या वर्षी सारेच जाऊ. पक्कं."

"मले कोठी सारेच जायचं हाय? मले मलेच जायचं हाय."

"माह्या घरातून सुटकेस निंगनार नाई," असं म्हणून गुणवंत भाषणाचे कागद घेऊन बेसमेंटमध्ये उतरला.

"भाषन तुमचं हाय," सुनंदा जिन्यातून खाली म्हणाली. "पेटी माही हाय. भावानं देल्ली व्हती."

आता अडचण एकच होती. त्या दिवशी तिची शिफ्ट चार ते बारा. रात्रीच्या बाराला ती लिननच्या खोलीत चादरी मोजत असणार. तिथं पेटी फिरवायची म्हणजे बॉयलरला प्रदक्षिणा घातल्यासारखं झालं असतं. सुनंदा विचार करत बसली आणि मग तिलाच हसू आलं. जायचं नागपूरकडं, तर बारा किचनरचे कशाला हवेत? नागपूरचे पायजेत!

"ईशानी, नागपुरात बारा वाजतीन तवा इथी किती?"

ईशानीनं फोनवरून डोकं न उचलता सांगितलं, "वन थर्टी. इन द आफ्टरनून. व्हाय?"

"काई नाई. तू आपलं पाह्य."

मग तिनं पेटी भरली. लाल, मोठी, दोन चाकांची, सहा वर्षांपूर्वी येताना आणलेली. कल्याणीसाठी घेतलेलं ब्लँकेट, भावासाठी स्वेटर, मेपल सिरपच्या चार बाटल्या, टॉवेल, आणि भावजयेसाठी नॉनस्टिक तवा. हा टोमणा म्हणूनच घेतला होता. बाथरूममधल्या काट्यावर पेटी चढवली तर एकोणीस किलो. विमानात तेवीस चालतं. चार किलो कमी नेणं तिला पटेना, म्हणून तिनं तांदळाची एक पिशवी टाकली. इथून भिवापूरला तांदूळ नेणं म्हणजे नदीला पाणी घालणं, हे तिलाही कळत होतं, पण काटा तेविसाला आला. पासपोर्ट जॅकेटच्या आतल्या खिशात घातला. दीडला पाच कमी असताना मागचं दार हळूच ओढून ती बाहेर पडली.

रात्री भरपूर बर्फ पडला होता आणि वर लख्ख ऊन होतं. ज्यांनी आपल्या दारापुढचं शोव्हल केलं होतं तिथं पेटी खडखड चालायची, ज्यांनी नव्हतं केलं तिथं रुतायची. पहिली तीन घरं बरी गेली. चौथ्या घरापुढं चाकात बर्फ बसला, तिनं हिसका मारला आणि एक चाक निघून गटाराच्या जाळीपाशी घरंगळलं. सुनंदानं चाक उचलून खिशात घातलं. घड्याळ पाहिलं. एक एकतीस. नागपुरात बारा वाजून गेले होते.

तिथं दुसरी कोणी असती तर परत फिरली असती. सुनंदानं गळ्यातला मफलर काढला, गुंडाळून त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, गुडघा टेकवून तेवीस किलोची पेटी एका झोक्यात वर घेतली आणि चालू लागली. लहानपणी दोन घागरी घेऊन जायची त्याच चालीनं, एक हात वर, एक हात हालता. फक्त परकराच्या जागी गुडघ्यापर्यंतचा पार्का आणि पायांत बर्फाचे बूट. कोपऱ्यावरचा म्हातारा गोरा शेजारी बर्फ काढत होता. तो "हॅपी न्यू" एवढंच म्हणाला आणि 'इयर' त्याच्या तोंडातच राहिलं.

नेमकी तेव्हाच उल्काची गाडी वळणावरून आली.

उल्का दोन गल्ल्या सोडून राहायची. पुण्याची, बँकेत नोकरी, मनानं चांगली. तिला सुनंदाच्या बोलण्याची फार काळजी. "सुनंदा, 'मले' नाही गं, 'मला' म्हणावं," असं ती प्रेमानं सांगायची. त्यावर सुनंदा म्हणायची, "तुमी 'मला' म्हना, मी 'मले' म्हन्ते. बसवाला तं दोघीलेबी 'मॅम'च म्हन्ते ना?" आता उल्कानं गाडी हळू केली, काच खाली केली. मागच्या सीटवर ग्रोसरी होती.

"अगं सुनंदा! हे काय? कुठे निघालीस?"

डोक्यावर तेवीस किलो असताना मान वळवता येत नाही, थांबलं तर तोल जातो, आणि नागपूरचे बारा निघून चाललेले. सुनंदानं समोर पाहत, चाल न मोडता, खरं तेच उत्तर दिलं.

"माहेरी!"

आणि ती कोपऱ्यावरून वळली.

बेसमेंटमध्ये गुणवंत वॉशिंग मशीनला श्रोता समजून भाषण म्हणत होता. "बंधूभगिनींनो, आपण सात समुद्र ओलांडून आलो, पण मनातला समुद्र ओलांडला का?" इथं टाळ्या येतील म्हणून तो थांबला, आणि फोन वाजला.

"गुणवंत, मी उल्का. मला मधे पडायचं नाहीये, पण सगळं ठीक आहे ना? सुनंदा आत्ता मला रस्त्यात दिसली. बॅग घेऊन. डोक्यावर, गुणवंत! विचारलं तर म्हणाली, माहेरी चाललेय. ह्या थंडीत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

गुणवंतला क्षणात सगळं समजलं, आणि समजलं तेच वाईट झालं. त्याच्यापुढं दोनच रस्ते होते. खरं सांगावं, तर उद्याच्या सभेत 'अंधश्रद्धा आणि आपण'मधला 'आपण' कोण, हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचणार. गप्प बसावं, तर बायको सोडून गेली. एकीकडं बावीस पानांचं भाषण, दुसरीकडं एकोणीस वर्षांचा संसार. भाषण ताजं होतं.

"हो... म्हणजे," तो शुद्ध मराठीत म्हणाला, कारण खोटं त्याला शुद्धमध्येच जमायचं, "थोडं झालं आमचं."

"आम्ही आलोच," उल्का म्हणाली.

दहा मिनिटांनी सुनंदा मागच्या दारानं आत आली. गाल लाल, कपाळावर घाम, एका हातात खिशातून काढलेलं चाक. पेटी धाडकन खाली ठेवली.

"झाला चक्कर! अजी, तुमी काहून असे उभे हा? कोन मेलं?"

"उल्काचा फोन आल्ता. तू माहेरी चालली म्हने."

"मंग? खोटं हाय का? तुमी काय सांगतलं?"

गुणवंतनं चष्मा काढून पुसला. "सांगतलं का... आपलं भांडन झालं."

सुनंदा त्याच्याकडं पाहत राहिली. मग स्टुलावर बसली आणि हसता हसता तिला ठसका लागला. "भैताड हा का जी तुमी? बायको पळाली सांगतलं, पन बायकोनं पेटी फिरवली थे नाई सांगतलं?"

"हळू बोल. येऊन राह्यले सारे."

"सारे म्हन्जे कोन?"

बेल वाजली. दारात उल्का, तिच्या हातात झाकलेलं भांडं. मागं तिचा नवरा चारुदत्त, गाडीची किल्ली बोटात फिरवत. आणि त्या दोघांच्या मागून, उल्कानं फोन करून बोलावलेल्या जयाताई. जयाताईंना पाहून गुणवंतचे खरे बारा वाजले. असोसिएशन त्यांनी उभं केलं होतं. अकोल्याला तीस वर्षं शाळेत हेडमास्तरीण होत्या, आणि इथं येऊनही सगळ्यांकडं त्या पाचवीतल्या पोरांसारख्याच बघायच्या.

जयाताईंनी बूट काढले. जिन्यापाशी पडलेल्या लाल पेटीकडं पाहिलं, एका चाकावर कलली होती तिकडं पाहिलं. मग सोफ्यावर बसल्या.

"गुणवंता, बस. सुनंदा, तूबी बस."

"मी साबुदाण्याची खिचडी आणलीय," उल्का म्हणाली. "सुनंदा, आधी खाऊन घे. अशा वेळी पोटात काही जात नाही, मला माहीत आहे."

सुनंदानं दोन घास खाल्ले. भूक तर लागलीच होती. ते पाहून उल्काला आणखी वाईट वाटलं.

"आता सांगा," जयाताई म्हणाल्या. "भांडन कायचं झालं?"

"भांडन नाई झालं," सुनंदा म्हणाली. खोटं बोलणं तिला अशुद्धमध्येही जमत नसे.

"भांडन नाई, तं बाई थंडीत पेटी घेऊन कायले निंगते?"

सुनंदानं बशी खाली ठेवली. फ्रीजवरचा कागद तिला इथून दिसत होता. घड्याळात दोन वाजून वीस. साडेतीनची बस. सांगितलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं: ताई, होंडुरासची रीत आहे. सगळे हसले असते, खिचडी संपवून गेले असते, आणि कागद तिथंच फडफडत राहिला असता. तिनं पदर नव्हता म्हणून स्वेटरची बाही सारखी केली.

"थे हेच सांगतीन," ती म्हणाली. "सांगा जी. मी पेटी घेऊन कायले निंगली?"

सगळे गुणवंतकडं वळले. ईशानी जिन्यावर येऊन बसली होती. तिनं कानातले हेडफोन काढले. ही गोष्ट वर्षातून एकदाही घडत नसे.

गुणवंतनं जयाताईंकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. भाषणाचे कागद अजून हातात होते, त्यांची त्यानं सुरळी केली. खोटं सांगायला शुद्ध मराठी जुळवू लागला, पण जयाताईंपुढं ते जमेना. मग एकच वाक्य सापडलं, ज्यात रीतही नव्हती आणि खोटंही नव्हतं.

"तिले माहेरी जायचं हाय, अन् मी जाऊ देऊन नाई राह्यलो."

खरं तर ते वाक्य ऐकून सर्वांत जास्त दचकला तो गुणवंतच. सहा वर्षांत त्यानं 'पुढच्या वर्षी'च म्हटलं होतं. त्याचा अर्थ असा होतो, हे त्याला स्वतःच्याच तोंडून आत्ता कळत होतं.

"किती वर्सं?" जयाताईंनी विचारलं.

"सहा."

"अन् रजा?"

"मिळाली हाय," सुनंदा म्हणाली. "आज चार वाजेलोक तिकीट दाखवा म्हन्तो सुपरवायझर. नाई तं गेली."

"आजच?" चारुदत्त म्हणाला. एवढा वेळ त्याला आपण कशाला आलो ते कळत नव्हतं. आता एकदम कामाचं काहीतरी सापडलं. "गुणवंत, लॅपटॉप कुठंय तुझा? टोरांटो-मुंबई मी गेल्याच महिन्यात सासूबाईंचं काढलंय, पुढं नागपूर जोडायचं. दहा मिनिटांचं काम."

"पण डिलिव्हरी..." गुणवंत म्हणाला.

"डिलिव्हरी तुही हाय का तिची?" जयाताई म्हणाल्या. "घरी भात कोन लावते? तीन आठवडे लाव तूच. उद्या कार्यक्रमात भाषन करनार हायस ना? बाईचा हक्क, समता, सारं असते ना त्यात?"

"त्यात... अंधश्रद्धा हाय, ताई."

"असू दे. समता परवा करजो. तिकीट आज काढ."

चारुदत्त टेबलाशी बसला, गुणवंत खिशातून कार्ड काढून त्याच्या शेजारी. ईशानीनं आईचा पासपोर्ट मागितला तर सुनंदानं तो जॅकेटच्या आतल्या खिशातून झटकन काढून दिला. उल्कानं ते पाहिलं. "पासपोर्टसुद्धा घेऊन निघाली होतीस!" ती कळवळून म्हणाली आणि सुनंदाचा हात धरला. सुनंदाच्या दुसऱ्या हातात अजून ते चाक होतं.

"तारखा सांगा," चारुदत्त म्हणाला.

सुनंदानं घोकून ठेवल्यासारख्या सांगितल्या. तीन वाजून पाच मिनिटांनी प्रिंटर घरघरला. गुणवंतनं कागद काढला, बायकोच्या हाती दिला आणि हळूच म्हणाला, "लांब पोळ्या करशील ना नीट? नाई तं तुही भावजय मलेच बोलन."

"तुमाले काहून बोलन?"

"मीच धाडलं म्हनून."

"हे पाहा," सुनंदा म्हणाली. "आताच धाडून राह्यले अन् आताच क्रेडिट घेऊन राह्यले."

मंडळी निघाली. उल्कानं खिचडीचं भांडं इथंच ठेवलं. चारुदत्त गाडी चालू करायला पुढं गेला. जयाताई बूट घालायला खाली वाकल्या तेव्हा सुनंदा त्यांना आधार द्यायला वाकली. तिच्या कानाशी तोंड नेऊन जयाताई म्हणाल्या,

"माह्या बाजूले एल साल्वाडोरचं घर हाय. दर साली नवरा-बायको पेटी घेऊन फिरते. रिकामी बी चालते वो. एवढी भरून कायले नेली?"

सुनंदाच्या हातून चाक पडलं. जयाताईंनी बुटाची नाडी शांतपणे आवळली, गुणवंतला "उद्या खुर्च्या वेळेवर मांडजो" असं बजावलं आणि गेल्या.

साडेतीनची बस सुनंदानं पळत पकडली. चारला तीन कमी असताना तिनं सुपरवायझरच्या टेबलावर तिकीट ठेवलं. त्यानं तारखा पाहिल्या, सही केली आणि "ऑल सेट" म्हणाला. सहा वर्षांचा प्रश्न दोन शब्दांत संपला म्हणून सुनंदा क्षणभर तिथंच उभी राहिली, आणखी काही विचारेल म्हणून. त्यानं पुढचा कागद ओढला.

लिननच्या खोलीत एल्वियानं घड्यांचा एक ढीग लावून ठेवला होता. टेबलावर कागदी रुमालात चोवीस द्राक्षं, बारा हिची, बारा तिची.

"यू ट्रॅव्हल?"

"ट्रॅव्हल!" सुनंदानं तिकीट तिच्या नाकापुढं नाचवलं. "एप्रिल. थ्री वीक."

एल्वियानं तिला मिठी मारली, मग मागं सरून संशयानं पाहिलं. "बट नाऊ इज फोर. ट्वेल्व ओक्लॉक, हाऊ?"

"किचनरचे नाई वो. नागपूरचे बारा! माय ट्वेल्व. जायचं जेथी, तेथचा टाइम पायजे ना? नागपूर ट्वेल्व, हियर वन थर्टी."

एल्वियाच्या हातातली उशीची खोळ अर्धी घडी होऊन तशीच राहिली. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. मग स्पॅनिशमध्ये असं काही बोलली की ते सुनंदाला न शिकवताही समजलं.

"काय झालं?"

"होंडुरास," एल्विया म्हणाली, "वन अवर बिहाइंड. हियर ट्वेल्व, देअर इलेव्हन. नाईन इयर, सुनांदा! नाईन इयर, आय वॉक ॲट इलेव्हन!"

"अवं माय वो!" सुनंदा म्हणाली. "तरीच! मंग यंदा बाराले शिफ्ट हाय थे बरंच झालं. सुटली का घरी जाय, अन् एक वाजता फिरव. अन् पिवळी घालून जाजो."

"येलो," एल्विया गंभीरपणे म्हणाली, "ऑलरेडी."

सुनंदानं तिकिटाची चौकोनी घडी केली, जॅकेटच्या आतल्या खिशात घातली, खिशाला सेफ्टी पिन लावली आणि जॅकेट खुंटीला अडकवलं. ढकलगाडीवर फाटक्या चादरींचा ढीग आला होता. वरची उचलून तिनं दिव्यापुढं धरली. मधोमध वीतभर फाटलेली. "कोन झोपलं व्हतं यावर, वाघ?" ती म्हणाली, ठिगळ कापलं, मशीनच्या सुईखाली सरकवलं आणि पायाखालचं पेडल दाबलं.